धनेशाची फेरी

नर सकाळपासून फिरकलेला नाही, हे उत्कर्षाच्या ध्यानात आलं तेव्हा ऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या पायरीवर आलं होतं. तोवर तिला वाटत होतं, आपलाच डोळा लागला असणार आणि तेवढ्यात तो येऊन गेला असणार. मे महिन्यात तसं व्हायचं. पहाटे नारायण पेठेतून लूनावर निघायचं, कर्वे रस्त्याच्या आत टेलिफोन खात्याच्या बैठ्या क्वार्टर्समध्ये यायचं, ललिता मेश्राम यांच्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायचं आणि समोरच्या गुलमोहराच्या ढोलीकडे दुपारपर्यंत बघत राहायचं. तिसरं वर्ष होतं हे. उघड्या डोळ्यांनीही झोपता येतं, हे तिला एव्हाना कळलं होतं.

ढोलीत राखी धनेशाची मादी होती. एप्रिलच्या सुरुवातीला ती आत शिरली आणि तिने विष्ठा, फळांचा गर आणि माती यांनी ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं. ठेवली फक्त एक उभी फट, चोच बाहेर येईल एवढी. आत बसून तिने अंडी घातली, उबवली, त्याच दिवसांत जुनी पिसं गाळली. आता तिचं आणि पिलांचं सगळं नरावर होतं. तो उंबरं, वडाची फळं, तुती गळ्यात भरून आणायचा, खोडाला बिलगून बसायचा, चोचीने एकदोनदा टकटक करायचा आणि एकेक फळ घशातून वर काढून फटीतून आत द्यायचा. मध्येच एखादा नाकतोडा, एखादा सरडा.

उत्कर्षाचा प्रबंध यावरच होता. शहरातला धनेश काय खातो, कुठून आणतो आणि कोणत्या झाडांच्या बिया त्याच्यामार्फत कुठे जाऊन पडतात. सुरुवातीला तिने पाच घरटी धरली होती. त्यातलं एक झाड वादळात पडलं. दोन बंगल्यांच्या आवारातली होती, तिथे आता इमारती उभ्या राहत होत्या. चौथ्या ढोलीकडे यंदा धनेश फिरकलेच नाहीत. उरलं हे एवढं.

ललिताताई ड्यूटीवरून आल्या, फाटक लावलं, चपला काढल्या आणि झाडाकडे बघून म्हणाल्या, "आज तुझा राखाड्या दिसत नाही."

"नाही आला."

"येईल. माणसं आठ-आठ दिवस येत नाहीत."

त्या ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर होत्या. मूळच्या भंडाऱ्याच्या, पुण्यात येऊन वीस-बावीस वर्षं झालेली. नवरा त्याच खात्यात, पण नागपूरला. बदलीचे अर्ज करून करून दोघांनीही ते करणं सोडून दिलं होतं. पूर्वी बोर्डावर इतके दिवे लागायचे की पाणी प्यायला उठता यायचं नाही. आता गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते आणि ट्रंक कॉल मागणारं कोणी राहिलं नव्हतं. "मी तिथं दिव्याकडं बघत बसते, तू इथं झाडाकडं," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. त्यानंतर दोघींचं बरं जमलं.

नर त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फटीतून मादीची चोच बाहेर यायची, थोडा वेळ तशीच राहायची आणि आत जायची. आतून पिलांचा आवाज येत होता, बारीक, रडका, न थांबणारा. नराचं काय झालं हे कळायला मार्ग नव्हता. विजेची तार असेल, गलोल असेल, एखाद्या नव्या इमारतीची काच असेल. उत्कर्षाने आसपासच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कचराकुंड्यांपाशी थांबून बघितलं. काही सापडलं नाही.

दुपारी ती कॉलेजात गेली. तिचे गाईड डॉ. रंगनाथ बेहेरे प्रयोगशाळेत एकटेच बसले होते. त्यांच्या हाताखालचे तीन विद्यार्थी दोन वर्षांत संगणकाकडे गेले होते. जगातल्या संगणकांना सन दोन हजार समजणार नव्हतं म्हणे, आणि ते दुरुस्त करायला माणसं पुरत नव्हती. बेडकांवर संशोधन करणारासुद्धा तीन महिन्यांचा कोर्स करून तिथे चालत होता. तेव्हापासून सर खोलीतले पंखेही एकापेक्षा जास्त लावत नसत.

"सर, नर दोन दिवस आलेला नाही."

"मग तसं लिहा."

"मादी आत आहे. पिलं आहेत, आठवड्याभराची असतील. सारखी ओरडतायत."

"तेही लिहा."

ती उभीच राहिली. सरांनी वर पाहिलं.

"मी खायला घातलं तर?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उत्कर्षाबाई, तुमच्या प्रबंधाचं नाव ‘शहरातील राखी धनेशाचा आहार’ असं आहे. ‘आम्ही धनेशाला दिलेला आहार’ असं नाही. तुम्ही एक उंबर आत टाकलंत की हे घरटं आकडेवारीतून गेलं. आणि दुसरं घरटं तुमच्याकडे नाही."

"मग मरू द्यायची?"

"नर गेल्यावर मादी काय करते हे तुम्हाला ठाऊक आहे? मला नाही. ते बघणं हेही काम आहे." मग ते म्हणाले, "मला हे सांगताना आनंद होतोय असं समजू नका. आणखी एक वर्ष तुम्ही काढाल असंही मला वाटत नाही, म्हणून सांगतोय."

त्यांचं खरं होतं. शिष्यवृत्ती संपून दीड वर्ष झालं होतं. दुपारचे प्रॅक्टिकलचे तास घेऊन जे मिळायचं ते लूनाच्या पेट्रोलला आणि चहाला पुरायचं. घर नवऱ्याच्या, शंभूच्या पगारावर चालत होतं. तोही तिच्यासारखा परभणीचाच, रसायनशास्त्राचा एम.एस्सी. आणि आता एका सॉफ्टवेअर कंपनीत सन दोन हजारच्या मागे लागलेला. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो फरशीवर उघडाच आडवा पडला होता. डोळे लाल, हातावर फरशीच्या चौकटीचे वळ.

"सोमवारी तुझी मुलाखत ठरवलीय," तो छताकडे बघत म्हणाला. "टेस्टिंगला माणसं घेतायत. बी.एस्सी.वाले घेतायत, तू तर पुढची आहेस."

"सोमवारी नको."

"का? सोमवारी काय आहे?"

"नर यायचा थांबलाय."

शंभूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चिडला नाही. चिडायलाही अंगात काहीतरी लागतं. "उत्कर्षा, मी हे एकट्याने किती दिवस ओढू?" एवढंच म्हणाला आणि पुन्हा छताकडे बघू लागला. तिने कुकर लावला. दोघं वरणभात जेवले.

तिसऱ्या सकाळी ढोलीतला आवाज कमी झाला होता. आदल्या दिवशी फाटकापर्यंत ऐकू येत होतं, आज झाडाखाली जाऊन कान द्यावा लागला. उत्कर्षा खुर्चीत जाऊन बसली. वहीत वेळ लिहिली. मग उठली, पुन्हा झाडाखाली गेली, पुन्हा आली. ललिताताई दारात दात घासत उभ्या होत्या.

"सर काय म्हणाले?"

"बघत राहा म्हणाले."

"बघायला काय लागतं," ललिताताई म्हणाल्या आणि चूळ भरायला आत गेल्या.

उत्कर्षाने वही पिशवीत टाकली. "ताई, शिडी मिळेल कुठे?"

शिडी लगेच मिळाली. शेजारच्या क्वार्टरमधला कचरू लाइनमन होता. त्याची बांबूची शिडी भिंतीला टेकूनच असायची. खरा प्रश्न फळांचा होता. धनेश काय खातो हे पुण्यात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल. तीन वर्षं ती झाडाखाली पडलेल्या बिया गोळा करत होती, त्यावरून कोणतं झाड कुठे हे शोधत होती, नराच्या मागे लूना दामटत होती. तेव्हा आता त्याचीच फेरी करायची, एवढं सोपं होतं.

तशी ती सोपी नव्हती. टेकडीच्या पायथ्याशी एक उंबर होता, तो लगडलेला होता. पण खालच्या फांद्यांवरची फळं हिरवी, पिकली होती ती वरच्या. खाली पडलेल्यांत किडे. त्यातली बरी निवडून तिने डब्यात भरली. पुढे कालव्याकाठचा वड. तिथे साळुंक्या, तांबट, कोकिळा सगळ्यांनी आधीच हात मारला होता. तिसरा उंबर एका जुन्या गिरणीच्या मागे होता. ती तिथे पोचली तेव्हा गिरणी नव्हती आणि उंबरही नव्हता. पत्र्याच्या कुंपणाआड मोठा खड्डा होता, खड्ड्यात लोखंडी सळया, आणि कुंपणावर संगणक शिक्षणाची पाटी. मार्चपर्यंत नर इथे फळं खायला यायचा. तिने तशी नोंद केली होती. एप्रिलमध्ये त्याला ढोलीवर यायला उशीर होऊ लागला, तेव्हा तिने ‘उन्हामुळे असावं’ असं लिहिलं होतं.

तुती एका बंगल्यात होती. फाटकावर तीन पाट्या: विक्रेत्यांना मज्जाव, फाटकासमोर वाहन लावू नये, घंटा एकदाच वाजवावी. तिने एकदाच वाजवली. बनियनमधले आजोबा बाहेर आले.

"काय हवंय आपल्याला?"

"थोडी तुती. पक्ष्यासाठी."

"पक्षी स्वतः येऊन घेतात. त्यांना पाटी वाचता येत नाही."

"हा येऊ शकत नाही," उत्कर्षा म्हणाली. पुढे काही समजावून सांगायचं तिच्याने होईना. ती फाटकाला धरून उभी राहिली. आजोबांनी तिच्या घामाकडे, हातातल्या स्टीलच्या डब्याकडे पाहिलं. "फांदी मोडायची नाही," ते म्हणाले आणि कडी काढली.

ती परतली तेव्हा दहा वाजून गेले होते आणि डबा अर्धा भरला होता. नर हे एका सकाळीत कितीतरी वेळा करायचा. वहीतल्या रकान्यांत तिने त्याच्या फेऱ्या उभ्या रेघांनी मोजल्या होत्या, चार उभ्या, एक आडवी.

कचरूने शिडी धरली. ती वर गेली. फटीजवळ तोंड नेल्यावर आतून उष्ण, आंबूस वास आला. आत काहीतरी सरकलं, फुसफुसलं. तिने उंबर पुढे केलं. कोणी घेतलं नाही. पिलं गप्प झाली. हात दुखायला लागला, उन्हाने मान भाजली, तरी कोणी घेईना.

"उतर खाली," ललिताताई ओरडल्या. "तुझा हात बघून ती भ्यायली."

उत्कर्षा उतरली. ललिताताईंनी आतून बांबूची लांब कामटी आणली, तिचं टोक चिरून दिलं. चिमट्यात उंबर अडकवून उत्कर्षा पुन्हा चढली, या वेळी दोन पायऱ्या खालीच थांबली. मग तिला आठवलं. तिने नखाने खोडावर टकटक केलं.

फटीत डोळा दिसला. तपकिरी तांबूस, आणि त्याला माणसासारख्या लांब पापण्या. तीन वर्षांत तिने तो इतक्या जवळून पाहिला नव्हता. मग चोचीचं टोक पुढे आलं आणि उंबर आत ओढलं गेलं.

आतला आरडाओरडा पुन्हा सुरू झाला.

"घेतलं ना?" खालून ललिताताई.

"घेतलं."

"मग आता रोज आलं."

आणि रोज आलंच. पहाटे उंबर, मग वड, एक दिवसाआड तुतीवाले आजोबा. त्यांनी चौथ्या खेपेला स्वतःच वाडग्यात तुती काढून ठेवली आणि "वाडगा परत आणावा" असं बजावलं. पिलांना नुसत्या फळांवर भागत नाही, किडे लागतात. ते ललिताताईंनी अंगावर घेतलं. "पाली मी धरणार नाही," त्यांनी सांगितलं, "पण झुरळं हवी तेवढी देते. सरकारी क्वार्टर आहे." ड्यूटीवरून आल्यावर त्या वर्तमानपत्राची सुरळी घेऊन मोरीत शिरायच्या. दुपारी उत्कर्षा पुन्हा एक फेरी करायची, संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिसरी. पायांत गोळे यायचे. नखांत उंबराचा चीक जाऊन बसला होता. घरी गेल्यावर ती शंभूच्या शेजारी फरशीवर आडवी व्हायची आणि दोघं पंख्याकडे बघत राहायची. ‘कोण आधी उठून भात टाकणार’ एवढाच त्यांच्यात विषय असायचा.

वहीत ती फारसं लिहीत नव्हती. आकडेवारीतून घरटं गेलंच होतं.

सोमवारी मुलाखतीला ती गेली. शंभूसाठी म्हणून नाही. शनिवारी आरशात बघताना तिला वाटलं, हे आपण आणखी एक वर्ष करणार नाही. सरांना ते तिच्याआधी कळलं होतं. कंपनीचं ऑफिस थंड होतं. इतकं थंड की खुर्चीत बसल्याबरोबर तिला झोप येऊ लागली. समोरचा मुलगा तिच्याहून लहान असावा.

"सध्या काय करता मॅम?"

"एका पक्ष्याला खायला घालते."

तो हसला. तिला विनोद करायचा नव्हता, पण ती खुलासा करत बसली नाही. चुका शोधायचं काम आहे, तो म्हणाला. एकच स्क्रीन शंभर वेळा बघायला लागते, लोक कंटाळतात. "बघायची मला सवय आहे," ती म्हणाली. एक जूनपासून या, म्हणाले.

ती क्वार्टर्सवर परतली तेव्हा ललिताताई स्वतः शिडीवर होत्या. साडी खोचलेली, हातात कामटी. "तू बोलू नको," त्या वरूनच म्हणाल्या. "मला घेरी येते. बोललीस तर पडेन." कचरू खाली जीव मुठीत धरून शिडी धरून उभा होता.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ढोलीतून ठोके ऐकू आले. उत्कर्षा डबा घेऊन फाटकातून येत होती, ती तिथेच थांबली. लिंपणाचे तुकडे खाली पडत होते. मादी आतून भिंत फोडत होती. मध्येच थांबायची, चोच फटीत अडकवून विसावा घ्यायची, पुन्हा सुरू. ऊन चांगलं तापेपर्यंत हे चाललं. मग डोकं बाहेर आलं, मग खांदा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि एकदम सगळीच बाहेर. तिला उडता आलं असं म्हणवत नव्हतं. नवीन पिसं अर्धीच आली होती, शेपूट आखूड, एका बाजूला वाकलेलं. ती तिरपी होत खाली आली आणि कंपाउंडच्या भिंतीवर आपटल्यासारखी बसली.

कावळे लगेच आले. उत्कर्षाने डबा टाकून दिला. काहीच हाताशी नव्हतं म्हणून ओढणी फिरवत ती भिंतीकडे धावली. ललिताताई लाटणं घेऊन बाहेर आल्या. दोघी त्या भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून कावळ्यांवर ओरडत होत्या; क्वार्टर्समधली पोरंबाळं गोळा झाली. मादी चोच उघडी टाकून धापा टाकत होती. बऱ्याच वेळाने ती उडी मारून शेवग्यावर गेली, शेवग्यावरून कडुनिंबावर, आणि तिथे दाट पानांत जाऊन बसली.

"आता?" ललिताताईंनी विचारलं.

"आता माहीत नाही."

दुपारभर ढोलीचं तोंड उघडं होतं. आत दोन पिलं, अंगावर काड्यांसारखी कोवळी पिसं. ती ओरडलीही नाहीत. मग त्यातल्या मोठ्याने हळूच मान पुढे केली आणि तोंडाशी पडलेला लिंपणाचा तुकडा उचलून कडेला लावला. चोच आडवी करून थापला. दुसऱ्यानेही काहीतरी पुढे ढकललं. आतली विष्ठा, उरलेला गर, जे मिळेल ते. कोणी शिकवलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्या दोघांनी तोंड निम्मं बुजवलं होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फट तेवढी उरली. उत्कर्षाने दोन्ही दिवस खुर्चीत बसून ते पाहिलं. दुसऱ्या सकाळी मादी चोचीत एक तुती घेऊन आली. एकच. ती पिलांना देऊन खोडावर बराच वेळ टेकून राहिली, मग पुन्हा गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात बेहेरे सर आले. न सांगता, रिक्षाने, डोक्यावर कापडी टोपी. उत्कर्षा शिडीवर होती. मादीच्या फेऱ्या पुरत नव्हत्या, म्हणून सकाळ-संध्याकाळ ती अजूनही फळं घालत होती. खालून आवाज आला, "शिडी हलतेय." कचरू त्या दिवशी कामावर गेला होता, शिडी नुसती झाडाला टेकलेली होती. सरांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. ती उतरेपर्यंत धरून ठेवली.

ललिताताईंनी त्यांना चहा दिला. त्यांनी सगळं विचारलं: मादी कशी बाहेर आली, कधी, पिलांनी बुजवायला कधी घेतलं.

"मादी बाहेर आली तेव्हा पंखांची पिसं किती वाढली होती? मोजली असतील ना?"

"नाही सर."

"साधारण तरी लिहिलं असेल."

"काहीच नाही लिहिलं."

सर ओरडतील असं तिला वाटलं. "मग तुम्ही खरंच दमलात," ते म्हणाले.

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तीन वर्षांत हे वाक्य तिला कोणी म्हटलं नव्हतं, ती स्वतःलाही म्हणाली नव्हती. ललिताताई कपबशा घेऊन आत गेल्या.

"मी एक तारखेपासून नोकरी धरतेय सर."

"संगणकाच्या कुठल्या भाषेत? कोबॉल?"

"टेस्टिंग आहे."

"म्हणजे बघत राहणं," सर म्हणाले. मग टोपी घातली. "प्रबंध मी लगेच रद्द करत नाही. कागद पडून असतो तसा असू दे. त्याला काही खायला लागत नाही." फाटकाशी जाऊन ते वळले, झाडाकडे पाहिलं आणि चालू लागले.

जून लागला. उत्कर्षा सकाळी सातच्या कंपनीच्या बसने जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात तिने पहाटेची फेरी चालू ठेवली. दुसऱ्या आठवड्यात जमेना. तोपर्यंत मादी नीट उडू लागली होती, कालव्यापर्यंत जात होती. ललिताताई येता-जाता दोन उंबरं कामटीने द्यायच्या. पण "आता तिला माझी फार गरज दिसत नाही, माझ्याकडं बघतसुद्धा नाही," असं त्यांनी सांगितलं.

एका गुरुवारी दुपारी ऑफिसात तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"ट्रंक बोलतेय," ललिताताई म्हणाल्या. मागे एक्स्चेंजची शांतता होती. "मोठं उडालं. सकाळी. मी तुळशीला पाणी घालत होते शेजारच्यांच्या, आणि एकदम डोक्यावरून गेलं. आई कडुनिंबावर बसून ओरडत होती."

"आणि लहान?"

"लहान दोन दिवस झाले ओरडत नव्हतं. मी तुला कळवलं नाही. तू येऊन काय करणार होतीस."

"हो," उत्कर्षा म्हणाली. समोरच्या स्क्रीनवर एक तारीख टाकायची चौकट होती. त्यात तिने मघाशी काय टाकलं होतं ते तिला आठवेना. "ठीक आहे ताई. मी रविवारी येते."

रविवारी तिने शिडी लावली, उरलेलं लिंपण काढलं आणि लहान पिलू बाहेर काढलं. वाळून हलकं झालं होतं. पिसं जवळजवळ पुरी आलेली. पंख पसरून बघितला तर कुठे काही दुखापत नव्हती. अन्न दोघांना पुरलं नाही, एवढंच. क्वार्टरच्या मागे ललिताताईंनी खुरप्याने खड्डा केला, तिने ते त्यात ठेवलं आणि माती लोटली. ढोलीच्या तळाशी बियांचा थर होता, तो तिने सवयीने पिशवीत भरला. मग पिशवीकडे बघून ती झाडाखालीच उलटी केली.

ललिताताईंनी चहा केला. पुढच्या महिन्यापासून ट्रंकचा बोर्ड बंद होतोय, त्यांना बिलांच्या विभागात टाकणार आहेत, असं त्यांनी सांगितलं. "खुर्ची बरी आहे म्हणतात तिथली."

"नागपूरचं विचारा की आता."

"विचारीन," त्या म्हणाल्या, पण तसं वाटलं नाही.

उत्कर्षा वेताच्या खुर्चीत मागे टेकली. आभाळ भरून आलं होतं, वारा गार होता. गुलमोहराची फुलं संपत आली होती. ललिताताई काहीतरी शेंगदाण्यांच्या भावाबद्दल सांगत होत्या, तिने दोन-तीनदा हुंकार दिला, आणि मग ती खरंच झोपली.

जाग आली तेव्हा अंधारून येत होतं. दाराला कुलूप होतं. ताई ड्यूटीला गेल्या होत्या. तिच्या अंगावर एक जुनी चादर होती आणि शेजारच्या स्टुलावर ताटाने झाकलेली थाळी. दोन भाकऱ्या, मेथीची कोरडी भाजी, कांदा. तिने तिथेच बसून सगळं खाल्लं, नळावर थाळी घासून पायरीवर पालथी घातली, चादरीची घडी केली. कुठेतरी दूर, कालव्याच्या बाजूला, एक धनेश ओरडला. मादी होती की पिलू, तिला ओळखू आलं नाही. ती थोडा वेळ फाटकात थांबली, पण तो पुन्हा ओरडला नाही. मग तिने लूनाला पायडल मारलं. सकाळी सातची बस होती.